बार्सिलोनातील मुक्काम : वस्ती कोणती आणि घर कोणाचे?

बार्सिलोना शहरातील १० हजार १०१ पर्यटक सदनिकांच्या परवान्यांचे नोव्हेंबर २०२८ नंतर नूतनीकरण होणार नाही, अशी घोषणा तेथील महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये केली. वरकरणी ही स्पेनमधील एका महापालिकेची अंतर्गत बाब. परंतु आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा सहा-सात जणांनी एकत्र युरोपला जावे, हॉटेलच्या तीन खोल्यांऐवजी स्वयंपाकघर असलेले एक घर आठवडाभर भाड्याने घ्यावे, असा बेत मुंबई-पुण्यातील जी कुटुंबे आखतात, त्यांचा या निर्णयाशी थेट संबंध आहे. सकाळचा चहा आपल्या हाताने करता यावा, रात्री मुलांना वरण-भात मिळावा आणि खर्च आवाक्यात राहावा, एवढीच या कुटुंबांची अपेक्षा असते. अशा घरांची सोयच एखादे शहर बंद करू पाहते, तेव्हा त्यामागची कारणे समजून घेतल्याखेरीज तेथे वस्ती निवडणे शहाणपणाचे ठरणार नाही.

महापौरांनी निर्णयाच्या समर्थनार्थ दिलेले आकडे बोलके होते. त्यांच्या म्हणण्यानुसार दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी आणि घरांच्या किमती ३८ टक्क्यांनी वाढल्या. नोकरीला लागलेल्या तरुणाला आपण जन्मलो त्या वस्तीत घर घेणे परवडत नाही, ही तक्रार मुंबईकराला समजावून सांगावी लागू नये. गिरणगावातील मराठी माणूस विरार-बदलापूरला गेला, त्यामागची कारणे वेगळी होती; मात्र घर सोडावे लागण्याचे दुःख तेच. बार्सिलोनात या दुःखाला चाके असलेल्या बॅगांचा आवाज जोडला गेला. जिन्यावर दर तीन दिवसांनी नवे शेजारी, रात्री दोन वाजता चुकीच्या दारावरची घंटा आणि खाली किराणा दुकानाच्या जागी स्मृतिचिन्हांचे दुकान, असा अनुभव जुन्या शहरातील रहिवासी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

असंतोष एकाएकी उफाळलेला नाही. मद्यधुंद पर्यटकांच्या वर्तनाला कंटाळून बार्सिलोनेता या किनाऱ्यालगतच्या वस्तीतील लोक २०१४ च्या उन्हाळ्यातच रस्त्यावर उतरले होते. पुढल्या वर्षी आदा कोलाऊ महापौर झाल्या आणि नव्या पर्यटक निवासांना स्थगिती देण्यात आली. २०१७ मध्ये महापालिकेने विभागवार आराखडा करून मध्यवर्ती भागात नव्या निवासांना जवळपास दारे बंद केली. ६ जुलै २०२४ रोजी काही हजार लोकांचा मोर्चा निघाला आणि त्यातील काहींनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. जगभर गाजले ते हे पाणी. त्यामागची दहा वर्षे फारशी कोणाला दिसली नाहीत.

कोलबोनी यांच्या घोषणेला आधार आहे तो काटालोनिया प्रांताच्या नोव्हेंबर २०२३ मधील वटहुकुमाचा. घरटंचाई असलेल्या नगरांत पर्यटक सदनिकांना पाच वर्षांच्या मुदतीचाच परवाना मिळेल आणि तो पुढे द्यायचा की नाही हे स्थानिक नियोजनावर अवलंबून राहील, अशी तरतूद त्यात आहे. मालकांच्या दृष्टीने ही नुकसानभरपाईशिवाय केलेली मालमत्तेची जप्ती होय. मात्र मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने हा वटहुकूम वैध ठरवला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने नियमभंगाच्या कारणावरून ६५ हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकण्यास एअरबीएनबीला फर्मावले. एप्रिल २०२५ पासून देशभर आणखी एक नियम लागू झाला आहे. इमारतीत नवी पर्यटक सदनिका सुरू करायची, तर तेथील घरमालकांच्या मंडळाचे तीन पंचमांश बहुमत हवे. आपल्याकडील गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना असे बहुमत जमवणे किती अवघड हे वेगळे सांगायला नको.

नकाशावर जवळ, प्रत्यक्षात दूर

अशा परिस्थितीत सहा माणसांच्या कुटुंबाने उतरायचे कोठे? प्रवास कंपन्यांचे ठरावीक उत्तर असते, ‘मध्यवर्ती भागात’. नकाशावर ते बिनचूक दिसते. गॉथिक वस्ती, बोर्न, रावाल आणि बार्सिलोनेता मिळून झालेल्या जुन्या शहरातून प्रेक्षणीय स्थळे चालत गाठता येतात. परंतु तेथील बऱ्याच इमारती जुन्या, जिने अरुंद आणि उद्वाहन असेलच याची खात्री नाही. शिवाय मजल्यांची गणना फसवी असते. जुन्या इमारतींत तळमजल्यावर ‘एन्त्रेसोल’, त्यावर ‘प्रिन्सिपाल’ आणि मग ‘पहिला’ मजला येतो. जाहिरातीतील तिसरा मजला म्हणजे गुडघेदुखीने त्रस्त आजीसाठी प्रत्यक्षात पाचवा. बार्सिलोनेता ही अठराव्या शतकात लष्करी अभियंत्यांनी आखलेली कोळी-खलाशांची वस्ती. तेथील मूळ घरांचे पुढे चार-चार तुकडे झाले आणि एकेक तुकडा जेमतेम ३५ चौरस मीटरचा उरला. अशा घरातले कुटुंब बाहेर पडून त्या जागी आठवड्याच्या बोलीवर पाहुणे आले, की संपूर्ण गल्लीचा तोल जातो. किनारा दोन मिनिटांवर आहे हे खरे, पण रात्रीची झोप तेथे मिळेलच असे नाही.

रावालविषयी मात्र चार शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण भारतीय पर्यटकाला या वस्तीबाबत टोकाचे सल्ले मिळतात. पाकिस्तानी, बांगलादेशी आणि भारतीय स्थलांतरितांची मोठी वस्ती येथे आहे; डाळ-तांदूळ, हिरवी मिरची, कोथिंबीर सहज मिळते. स्पेनमध्ये रविवारी बहुतेक मोठी दुकाने बंद असतात, तेव्हा ही छोटी दुकाने उघडी असतात. शाकाहारी कुटुंबाला हा मोठाच आधार. दुसरीकडे काही गल्ल्यांत अमली पदार्थांचा व्यापार आणि रात्रीची वर्दळ आहे आणि लगतचा ला राम्ब्ला हा रस्ता पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे. सामान आणायला जावे, जेवायला जावे. लहान मुले आणि वृद्धांना घेऊन मुक्कामाला मात्र दुसरी जागा पाहावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

जुन्या शहराची तटबंदी १८५४ पासून पाडली जाऊ लागली आणि इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या आराखड्याला १८५९ मध्ये मंजुरी मिळून बाहेर एशाम्पला ही विस्तारित वस्ती वसली. कोपरे छाटलेले चौकोनी ठोकळे, सरळ रुंद रस्ते, उंच छताची घरे. उद्वाहने बरीच, मेट्रो जवळ आणि पत्ता शोधताना चुकणे कठीण. कुटुंबासाठी सोय हा एकच निकष लावला, तर हीच वस्ती पहिली येईल. पण शहरातील पर्यटक सदनिकांची सर्वाधिक दाटीही याच भागात आहे. साग्रादा फामिलियाच्या आसपास तर पदपथावर रहिवाशाला वाट काढावी लागते. गाउदी यांच्या निधनाला २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत असल्याने या गर्दीत भरच पडणार. मंदिर पाहण्यासाठी गाभाऱ्यालाच खाट लावण्याची गरज नसते. त्याऐवजी याच विभागाच्या पश्चिम टोकाला सांत अंतोनी आहे. तेथील १८८२ ची लोखंडी मंडई दीर्घ दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडली, भोवतालचे काही रस्ते मोटारींपासून मुक्त करून बाके आणि झाडे लावण्यात आली. संध्याकाळी मुले तेथे चेंडू खेळतात आणि आजोबांना टेकायला जागा मिळते. चौकातले उपाहारगृह उशिरापर्यंत गजबजलेले असते, तेव्हा आतल्या अंगणाकडे खिडक्या असलेले घर घ्यावे.

ग्रासिया ही १८९७ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती आणि आजही तिचा तोरा तसाच आहे. लहान चौक, बुटकी घरे, नाट्यगृहे; गावपण टिकवलेला हा शहराचा भाग मराठी माणसाला विशेष आवडेल. परंतु ज्या चौकांसाठी ती प्रसिद्ध, त्यांच्या रात्रीच्या गोंगाटाने तेथील रहिवासी बेजार आहेत, म्हणून चौकापासून दोन गल्ल्या दूर राहिलेले बरे. वरच्या बाजूला, पार्क ग्वेलच्या चढणीवर, जाहिरातीतील ‘शांत परिसर’ म्हणजे पुष्कळदा दमछाक. तेथील ११६ क्रमांकाची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरून जाऊ लागली की वृद्ध रहिवाशांना चढता येईना. अखेर २०२४ मध्ये महापालिकेने हा मार्ग गुगलच्या नकाशावरून काढायला लावला. पाहुण्यापासून बसच लपवून ठेवण्याची वेळ यजमानावर आली, यावरून पाणी कुठवर चढले आहे ते कळते.

सांट्स ही जुनी कामगार वस्ती. प्रेक्षणीय असे फारसे काही नाही, पण विमानतळावरून येणारी लोकल आणि माद्रिदकडे जाणारी वेगवान गाडी दोन्ही येथेच थांबतात. पाच मोठ्या बॅगा सांभाळणाऱ्याला याचे मोल कळेल. पोब्लेनोऊमध्ये जुन्या कारखान्यांच्या जागी कार्यालये आली आहेत. समुद्रकिनारा पायी गाठता येतो आणि रुंद रस्त्यांमुळे बाबागाडी चालवणे सोपे जाते.

सोयीचे उत्तर, अडचणीचा प्रश्न

या तुलनेतून एक गोष्ट पुढे येते. जेथे सामान्य रहिवासी अजून टिकून आहेत, शाळा भरते, मंडईत भाजी मिळते, औषधांचे दुकान उघडे असते, त्याच वस्त्या मुले आणि वृद्ध असलेल्या कुटुंबाला मानवतात. पण हाच सल्ला सगळ्यांनी मानला, तर या वस्त्यांचीही बार्सिलोनेता व्हायला वेळ लागणार नाही. मध्यवर्ती भागातील गर्दी शहरभर पांगवावी, हे धोरण पर्यटन खात्यांना प्रिय असते. त्यातून भाडेवाढही पांगते, हे सांगितले जात नाही. दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. परवानाधारक सदनिकांचे प्रमाण शहरातील एकूण घरांच्या तुलनेत अत्यल्प असल्याचा मालकांच्या संघटनेचा युक्तिवाद आहे आणि त्या सगळ्या बंद झाल्याने घरटंचाई संपेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. लाभ होईल तो हॉटेलमालकांचा, आणि भुर्दंड बसेल तो तीन खोल्या घ्याव्या लागणाऱ्या मोठ्या कुटुंबाला. तरीही ज्याचे घर जाते त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते.

तोवर जायचेच असेल, तर किमान घर कायदेशीर असल्याची खातरजमा करणे पाहुण्याच्या हाती आहे. परवाना असलेल्या सदनिकेला ‘एचयूटीबी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो जाहिरातीत नसेल तर मागावा आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. परवान्यात किती माणसांची मुभा आहे हेही विचारावे. चौघांच्या घरात सात जणांनी गादी टाकून झोपण्याची आपली पद्धत तेथे चालत नाही. राहत्या घरातील एखादीच खोली ३१ दिवसांहून कमी मुदतीसाठी पर्यटकांना देण्यास बार्सिलोनात २०२१ पासून बंदी आहे. स्वस्तातला ‘मोसमी करार’ पुढे करणाऱ्या घरमालकापासूनही सावध राहावे. आठवडाभराच्या सहलीला तो लागू होत नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी जाहिरातच काढून टाकली गेली तर नुकसान केवळ आगाऊ रकमेचे राहत नाही. पर्यटन कर माणशी आणि रात्रीच्या हिशेबाने लागतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा.

मे २०२७ मध्ये बार्सिलोना महापालिकेची निवडणूक आहे. परवान्यांची मुदत त्यानंतर दीड वर्षाने संपते. म्हणजे घोषणा एका महापौराची असली, तरी अंमलबजावणी नव्या सभागृहाला करावी लागेल. २०२८ ची दिवाळी १७ ऑक्टोबरला येते. त्या सुट्टीत आजची परवानाधारक घरे मिळू शकतील. त्याच वर्षीच्या नाताळासाठी मात्र, निर्णय कायम राहिला तर, हॉटेलच्या तीन खोल्यांचाच हिशेब मांडावा लागेल.