भोंगा वाजला, पण कशाचा?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. या प्रयोगाचे कौतुक झाले ते रास्तच. पण अशा भोंग्याला उद्या मध्यरात्री पुराची वर्दी द्यायची वेळ आली, तर ती लोकांना ओळखू कशी येणार?

लहान गावांत बहुधा एकच भोंगा असतो आणि सगळी कामे त्याच्याच माथी. कुठे तो सकाळची वेळ सांगतो, कुठे कारखान्याची पाळी. ३० जानेवारीला अकरा वाजता हुतात्म्यांसाठी मौन पाळण्याची खूणही त्याचीच. नागरी संरक्षणाचे संकेत खरे तर ठरलेले आहेत. सूर दोन मिनिटे चढत-उतरत राहिला तर धोका, एकाच पट्टीत राहिला तर धोका टळला. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावात ते अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले असतील. अमेरिकेतल्या अनेक छोट्या गावांत मात्र टॉर्नेडोचा इशारा म्हणून एकाच पट्टीतला सूर तीन ते पाच मिनिटे वाजवतात. तिथे जो सूर तळघर गाठायला सांगतो, तोच आपल्याकडे ‘आता बाहेर या’ म्हणतो. म्हणजे भोंग्याच्या सुराला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो शिकवावा लागतो.

न शिकवल्याची किंमत भोपाळने मोजली. तिथल्या कीटकनाशक कारखान्याचा भोंगा एरवीही वेगवेगळ्या कारणांनी वाजत असे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. सलग वाजू लागला तो दोनच्या सुमारास. तोवर मिथाइल आयसोसायनेट झोपड्यांत शिरला होता. लोक वाट फुटेल तिकडे धावले. धावताना श्वास खोल आणि भरभर होतो, तितके विषही फुप्फुसांत अधिक जाते. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याला आडवे चालत जा, एवढे साधे त्यांना आधी कुणी सांगितलेच नव्हते.

अतिदक्षता विभागातही हेच दिसते. यंत्रे दिवसभर विनाकारण वाजत राहिली की परिचारिकेचा कान सरावतो आणि खरी धोक्याची घंटा त्यात हरवते. यात दोष तिचा नाही.

लाउडस्पीकरवर घोषणा केली की भागते, असे नगरपरिषदांना वाटते. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी हरपतात; घोषणेचा आवाज पोहोचतो, शब्द कळत नाहीत. भोंग्याचा खालच्या पट्टीतला सूर अशांनाही ऐकू येतो. म्हणून तो राखून ठेवला पाहिजे. रोजची वेळ सांगायला घंटा पुरे. धोक्याचा सूर धोक्याशिवाय वाजवू नये. त्याची चाचणी ठरलेल्या दिवशी, आधी दवंडी देऊन व्हावी. आणि पाणीपट्टीच्या पावतीमागे दोन ओळी छापाव्यात: कोणता सूर कशाचा, आणि तो ऐकल्यावर घरात थांबायचे की उंचावर जायचे. नदीकाठच्या गावांनी तरी हे पावसाळ्याआधी करायला हवे.