ठाण्यातला बालकल्याण अंमलदार
मुंबई इलाख्यात १९२४ च्या बालक कायद्यापासून रुजलेल्या विचाराला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने जे रूप दिले, त्यात प्रत्येक ठाण्यात साहाय्यक फौजदाराहून खालच्या दर्जाचा नसलेला एक बालकल्याण अंमलदार, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या विशेष बाल पोलिस पथकात दोन अनुभवी समाजसेवक, त्यांपैकी एक स्त्री, अशी योजना आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला कोठडीत ठेवू नये, बेडी घालू नये, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे, या तरतुदींमागील दयाबुद्धी स्पष्टच आहे. परंतु मला त्यांहूनही मोलाची वाटते ती सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालाची तजवीज, कारण शाळा केव्हा सुटली, घरात मिळवते कोण, ऊठबस कोणाची, हे दप्तरात उतरविताना पोलिसाची नजर फिर्यादीवरून उठून प्रथमच त्या मुलाच्या आयुष्याकडे वळते. येथवर कायदा पुरतो. पुढे लागतो तो सहवास, आणि तो अंमलदाराला बंदोबस्त व तपास यांतून सवड काढून, तीही बदलीचा हुकूम येईपर्यंतच, देता येतो. म्हणून वस्तीतल्या तालमीचा वस्ताद, रात्रशाळेचा मास्तर किंवा एखादा मोटार-कारागीर, अशा तेथेच राहणाऱ्या माणसाशी मुलाची गाठ विनाविलंब घालून देणे, आणि तो माणूस पुढे मुलाची रदबदली करावयास ठाण्यात आला असता त्याला बाकावर ताटकळत न ठेवणे, हे मी त्या अंमलदाराचे मुख्य कर्तव्य समजतो.