पाच गळे, एक गाणे



खत-बियाण्यावर बोलणारा माणूस आज गाण्यावर का बोलतो, असे तुम्हाला वाटेल. पण एकत्र राबणाऱ्या माणसांचे वर्म या गाण्यात आहे, म्हणून चार शब्द ऐका.

गाणे अमेरिकेतले. नाव 'माय गर्ल', म्हणजे 'माझी सखी'. गाणारे पाच जण, त्यांच्या संचाचे नाव 'द टेम्प्टेशन्स'. पाचही जण दक्षिणेत, अलाबामा, मिसिसिपी आणि टेक्सास या कापसाच्या मुलखात जन्मलेले. विसाव्या शतकात तिथली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या शहरांत गेली. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायची, कर्ज कधी फिटायचे नाही आणि वर वर्णभेदाचा जाच, याला ती विटली होती. हे पाच जण डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात एकत्र आले.

त्याच शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली घरच्यांच्या बचत निधीतून ८०० डॉलर कर्ज काढले आणि तबकड्यांचा धंदा मांडला. पुढे तो 'मोटाउन' म्हणून जगभर गाजला. बचतीचे चार पैसे काय करू शकतात, हे बचत गटातल्या भगिनींना मी वेगळे सांगायला नको.

आता गाण्याकडे वळू. स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांनी ते १९६४ साली रचले. तोवर या संचात पुढे होऊन गाणारे बहुधा दोघेच, एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स. डेव्हिड रफिन त्याच वर्षी आलेला, मागे उभा राहून सूर धरणारा. त्याच्या भरदार, किंचित घोगऱ्या आवाजातले मार्दव रॉबिन्सन यांनी हेरले आणि हे गाणे त्यालाच दिले. मार्च १९६५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. या संचाचे हे पहिलेच अव्वल गाणे.

गाण्याचा अर्थ साधा आहे. ती सोबत आहे, तर मला धन-दौलत कशाला हवी, असे तो म्हणतो. त्यात मे महिन्याचाही उल्लेख येतो. आपला मे म्हणजे अंगाची लाही. डेट्रॉइटला मात्र थंडी सरून झाडांना पालवी फुटते ती याच सुमारास. तेव्हा मे म्हणजे आपला चैत्र समजा.

पाच जण एकच सूर गात नाहीत. रफिन पुढे, केंड्रिक्सचा आवाज उंच, मेल्विन फ्रँकलिनचा अगदी खालचा. ज्वारीत तूर घेता ना तुम्ही? ज्वारीची मुळे वरच्या थरात पसरतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून दोन्ही पिके एका रानात नांदतात. तसेच हे. आणि या सगळ्यांखाली जेम्स जेमर्सनची बास गिटार. गाणे सुरू होते ते तिच्यावरच. पण त्या काळी मोटाउनच्या तबकड्यांवर साथीदारांची नावे छापत नसत. राबणाऱ्याचे नाव मागे राहते, हे तुम्हाला नवे नाही.

पुढची गोष्ट कडू आहे. नाव झाले तसे, संचाच्या नावाआधी आपले नाव लागावे, असा हट्ट रफिनने धरला. कार्यक्रमांना तो दांड्या मारू लागला. १९६८ साली सोबत्यांनी त्याला काढून टाकले. व्यसनाने पोखरलेला हा गुणी गायक १९९१ साली, अवघ्या पन्नाशीत गेला.

मंडळी, घराचेही असेच असते. मागे गप्प उभ्या असलेल्या धाकट्या भावाला, सुनेला, लेकीला कधी पुढे करून पाहा. पेरणीचा बेत, बाजाराचा हिशेब एकदा त्यांच्या हाती द्या. कुणात काय दडले आहे, ते संधी दिल्याशिवाय कळत नाही. आणि ज्याला पुढे केले त्याने मागच्यांचा सूर विसरू नये. चुली वेगळ्या होतात आणि बांधावर भांडणे उभी राहतात, ती बहुधा इथूनच.

शेवटी एक सांगतो. खुरपणीपासून मळणीपर्यंत तुमच्या बरोबरीने राबणारी जी घरी आहे, तिच्या कामाचे दोन शब्दांनी कौतुक करा. त्याला ना खत लागते, ना पाणी.