हवा नको, स्प्रिंग हवी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही थोडं चिडूनच. निमित्त दादाचा रविवारचा फोन. मी गाडीचं एअर सस्पेन्शन काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवल्या हे ऐकल्यावर तो पुण्याहून म्हणाला, "अरे, गाडीचा आत्माच काढलास की!" इथे शिकागोतल्या दोन मित्रांनीही हेच सुनावलंय. एकाने तर "मग कोरोलाच घ्यायचीस" असंही म्हणून घेतलं. तेव्हा एकदाच सगळ्यांना उत्तर देतो. दादा, तू वाचतोयस हे मला माहितेय.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गाडीत स्प्रिंगच्या जागी जाड रबराचे चार फुगे असतात. एक कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो, सेन्सर गाडीची उंची मोजतात आणि कॉम्प्युटर ठरवतो की कुठल्या फुग्यात किती हवा हवी. चालताना गाडी अक्षरशः तरंगते. पण रबर ते रबरच. जिथे घडी पडते तिथे ते कालांतराने चिरतं, त्यातून रात्रभर हवा झिरपते आणि सकाळी गाडी म्हशीसारखी बसलेली असते. मग गळती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि एक दिवस तोही जातो. म्हणजे आजारी एक, आणि मेला दुसराच! त्यात इथला हिवाळा आणि रस्त्यावरचं मीठ.

माझ्या गाडीचं हेच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण गाडी सेकंडहँड, मोठी आणि मिरवायला घेतलेली होती हे कबूल करतो.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. तिचा उजवा गुडघा बदललेला. एकदा तिला दवाखान्यात नेलं, फुटपाथला लागून गाडी उभी केली आणि फोनवर बोलत वीसेक मिनिटं आत बसून राहिलो. तेवढ्यात उजवी बाजू बसली. आईचं दार उघडायला गेलो तर खालची कड फुटपाथच्या काँक्रीटवर टेकली. दार चार बोटं उघडलं आणि अडकलं. इंजिन चालू केलं, कॉम्प्रेसर नुसताच घरघरला. शेवटी गाडी वेडीवाकडी रस्त्याच्या मधे घेतली, मागून हॉर्न, आणि त्या गोंधळात आईला खालून ओढून उठवली. ती म्हणाली, "एवढी महागाची गाडी, आणि माझ्यासारखीच खाली बसली की उठत नाही!" ती हसली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुरुस्तीचा आकडा आला ४,६०० डॉलर. गाडी विकली असती तर जेमतेम ५,००० आले असते. कॉइल स्प्रिंगचा पूर्ण संच, शॉक ॲब्सॉर्बरसकट आणि मजुरीसकट, १,४०० मध्ये झाला. आता सांगा, आत्मा कुणाचा निघाला असता?

हवा वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. बस, मोठे ट्रक यांना ती हवीच. रिकामी बस आणि खच्चून भरलेली बस यांच्या वजनात इतका फरक असतो की एकच पोलादी स्प्रिंग दोन्हीकडे न्याय देऊ शकत नाही. हवेचा दाब वजनाप्रमाणे वाढवता येतो, म्हणून उंचीही तीच राहते आणि हेलकावेही फारसे बदलत नाहीत. मुंबईच्या लोकलच्या डब्यांखाली एअर स्प्रिंग आल्या त्या चैन म्हणून नव्हे, गर्दी म्हणून! पण माझ्या गाडीत बहुतेक दिवस बसतो मी एकटा, आणि शेजारी डबा.

आणि "ओरिजिनल"चा जप करणाऱ्यांनी जरा इतिहास पाहावा. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये एअर सस्पेन्शन होतं. किंमत १३,००० डॉलरच्या वर, त्या काळात! त्यातल्या कित्येक गाड्यांच्या मालकांनी ते काढून कॉइल स्प्रिंग बसवल्या. नंतर लिंकन टाउन कारच्या मागच्या चाकांना हवा दिली, पण जवळजवळ त्याच सांगाड्यावरची फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया पोलिसांनी कॉइल स्प्रिंगवरच पिटाळली. म्हणजे मी काही नवं पाप केलेलं नाही.

तोटे आहेत, लपवत नाही. खड्डा आता खड्ड्यासारखा लागतो. गणपतीला मंडळासाठी मसालेभाताची दोन पातेली आणि चार माणसं घेऊन गेलो तेव्हा गाडी मागून दबली, ती आपणहून वर आली नाही. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा बंद ठेवायला एक डबी मिळते, जी कॉम्प्युटरला "सगळं आलबेल आहे" असं खोटंच सांगते. ती मला खटकली. म्हणून काय काय बदललंय याचा कागद गाडीच्या खणात ठेवलाय. पुढच्या मालकाला तो मिळेलच.

माझा खरा राग आहे तो वस्तूची पूजा करायच्या आपल्या सवयीवर. आण्णांची पद्मिनी आठवते ना, दादा? पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. एकदा साताऱ्याजवळ पाटा तुटला, रस्त्याकडेच्या माणसाने दुपारपर्यंत नवा घालून दिला आणि आपण संध्याकाळी घरी. गाडीचा आत्मा गेला असं आण्णा म्हणाले नाहीत. चहा प्यायले आणि निघाले. वस्तू आपल्यासाठी की आपण वस्तूसाठी, हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता. मीच फुगे सांभाळण्यात दोन वर्षं घालवली, आणि तीही चारचौघात गाडी बरी दिसावी म्हणून!

असो. आई मार्चमध्ये परत येतेय. गाडी आता रात्री जेवढ्या उंचीवर सोडतो तेवढ्याच उंचीवर सकाळी सापडते, आणि दार पूर्ण उघडतं. ज्यांना अजून आत्मा हवाय त्यांनी खुशाल ४,६०० डॉलर पाठवावेत. पत्ता दादाकडे आहेच.