वीतभर घरातला संसार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत आली. या दोन्ही अनुभवांची तालीम आपल्या घरातील मुली मात्र वयाच्या सातव्या-आठव्या वर्षीच करून मोकळ्या होत. ओटीच्या कोपऱ्यात भातुकली मांडली की घर उभे राहिले. बाहुलीचे लग्न लागले की व्याहीभोजनासह सारे कार्य पार पडले. युरोपात हीच हौस निराळ्या वाटेने गेली. तेथे आधी घर आले, तेही भिंती, जिने, दारे-खिडक्या यांसह. आणि मग त्या घरात संसार भरण्यात वर्षांमागून वर्षे खर्ची पडली. अशा बाहुलीघरांचा संग्रह करणे, मोडकळीस आलेली घरे दुरुस्त करणे आणि त्यांत तितकेच चिमुकले सामान लावणे, हा आज अनेक देशांत जोपासला जाणारा छंद आहे. मोठ्या माणसांनी बाहुल्यांच्या घरात रमावे हे प्रथमदर्शनी काहीसे पोरकट वाटेल. परंतु या छंदाचा इतिहास पाहिला म्हणजे त्यामागे एक गंभीर गोष्ट दडलेली दिसते, आणि मुलुखापासून दूर घरे थाटलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी ती ध्यानी घेण्याजोगी आहे.

ज्याची नोंद सापडते असे पहिले बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ च्या सुमारास करविले. ते आज अस्तित्वात नाही. तरीही त्याची माहिती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण १५९८ साली ड्यूकच्या संग्रहाची तपशीलवार यादी करण्यात आली आणि ती शिल्लक राहिली. घर गेले, यादी उरली. संग्रह करणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून मनात धरून ठेवावे.

पुढे न्यूरेंबर्ग शहरात या घरांना शाळेचे रूप आले. आन्ना क्यॉफेर्लिन नावाच्या बाईने मोठ्या कष्टाने एक बाहुलीघर सजविले, ते पैसे घेऊन लोकांना दाखविले आणि १६३१ साली त्याविषयी एक पत्रक छापले. मुलांनो, हे नीट पाहा आणि घर कसे चालवावे ते शिकून घ्या, असा त्या पत्रकाचा आशय होता. तिचे घर उरले नाही; पण त्याच शहरातील १६३९ सालचे एक घर तेथील जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. त्याच्या स्वयंपाकघरात ओळीने लावलेली भांडी पाहून आपल्याकडील एखाद्या नेटक्या गृहिणीलाही समाधान वाटावे.

हॉलंडमध्ये मात्र हा मुलांचा खेळ राहिलाच नाही. ॲम्स्टरडॅमच्या एका धनिक व्यापाऱ्याची पत्नी पेट्रोनेला ऊर्टमन हिने साधारण १६८६ ते १७१० या काळात एका उंची कपाटाच्या आत आपले बाहुलीघर रचले. त्यातली चिनी मातीची इवली भांडी चीनहून मागविलेली होती. कालव्याकाठच्या खऱ्या घराला जितके द्रव्य लागे, जवळजवळ तितके या कपाटावर खर्च झाले असे सांगतात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ते जपलेले आहे. अशा डच घरांत दिवाणखान्याच्या बरोबरीने धुतलेले कपडे वाळत घालण्याची खोली असते, इंधन साठवण्याचा माळा असतो, आणि बाळंतिणीची खोलीही असते. याकोब आपेल या चित्रकाराने १७१० साली ऊर्टमनबाईंच्या घराचे चित्र रंगविले. त्या चित्रात दिसणाऱ्या बाहुल्या आज जवळजवळ सर्व हरवल्या आहेत. चित्र नसते तर त्या घरात कोण कोठे बसले होते हे कोणालाही सांगता आले नसते.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे इंग्लंडच्या राणी मेरीचे. १९२१ ते १९२४ या काळात ते बांधले गेले आणि त्याचा आराखडा केला एडविन लट्यन्स याने. हा तोच वास्तुकार, जो त्याच वर्षांत नवी दिल्लीतील व्हाइसरॉयचा प्रासाद, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, उभारण्यात गुंतला होता. एका हाताने तीनशेहून अधिक दालनांचा प्रासाद आणि दुसऱ्या हाताने बाहुल्यांचा वाडा! सुमारे पंधराशे कलावंत-कारागीर त्या कामी लागले. विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येते, पाळणा वरखाली जातो. ग्रंथालयात त्या काळच्या नामवंत लेखकांनी या घरासाठी दिलेली बोटभर पुस्तके आहेत. १९२४-२५ च्या वेम्बली प्रदर्शनात सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आता ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. आम्हांला त्यात विशेष वाटते ते याचे, की शिवणयंत्रासारख्या कामाच्या वस्तू आणि नोकरांच्या खोल्याही तेथे वगळलेल्या नाहीत.

येथेच या छंदाचे मर्म आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तह असतात, लढाया असतात, गादीवर बसणारे आणि उतरणारे असतात. भांडे कोणत्या खुंटीला टांगले जाई, सरपण कोठे ठेवीत, बाळंतीण कोणत्या खाटेवर निजे, हे कोणी लिहून ठेवीत नाही. कारण ते रोजचे असते आणि बहुधा बायकांचे असते. बाहुलीघराने नेमके तेच जपले. घर लहान झाल्याबरोबर त्यातील दुर्लक्षित काम डोळ्यांत भरू लागले.

म्हणूनच जुने बाहुलीघर दुरुस्त करणारे जाणकार पहिली शिकवण देतात ती घाई न करण्याची. हाती आलेल्या घराची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक वस्तू कोठे होती ते लिहावे, आणि मगच मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. भिंतीवरचा जुना कागद फाटका असला तरी खरवडू नये. नवा कागद हवाच असेल तर तो पातळ पुठ्ठ्यावर चिकटवून पुठ्ठा भिंतीपुढे उभा करावा, म्हणजे आतला जुना कागद सुरक्षित राहतो. निखळलेला खुर्चीचा पाय सरसाने जोडावा. सरस ऊब आणि ओलावा दिला की पुन्हा सुटतो, त्यामुळे उद्या अधिक जाणता माणूस भेटला तर त्याला आपले काम उलगडता येते. आजचा पांढरा गोंद एकदा वाळला की असा सहज सुटत नाही. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, तेव्हा कोरडा पॉलिश पेपर घासून ती पूड घरभर उडवू नये. जुनी शिशाची खेळणी लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. लाकडाला बारीक भोके आणि खाली ताजा भुसा दिसला, तर ती वस्तू ताबडतोब इतरांपासून दूर ठेवावी. आणि नवा भाग बसविलाच, तर त्याच्या मागे वर्ष घालून ठेवावे. नव्याने जुन्याचे सोंग घेऊ नये.

सामान लावताना दुसरा प्रश्न येतो तो मापाचा. आज जगभर सर्वांत रूढ असलेले माप एकास बारा, म्हणजे फुटाचा इंच. सहा फुटी दार सहा इंचांचे, अठरा इंचांचा पाट दीड इंचाचा. राणी मेरीचे घर याच मापाचे आहे. माप न राखल्यास काय होते हे आपल्याला दिवाळीतल्या किल्ल्यावरून चांगले ठाऊक आहे. तेथे मावळा बुरुजाहून उंच असतो आणि गुहेतला वाघ दरवाजात मावत नाही. किल्ल्याची गंमत त्यातच असते, हे खरे. परंतु घराची स्मृती राखायची असेल तर मापाला पर्याय नाही; फुटाचा इंच झाला की चूल चुलीएवढी दिसते आणि तिच्यापुढे बसणाऱ्या बाईला किती वाकावे लागे, हेही कळते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे भिंतींचे बाहुलीघर फारसे नव्हते, पण त्यातला संसार भरपूर होता. चूल आणि वैल, फुंकणी आणि चिमटा, जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, रोवळी, सूप, परात, झारा, उलथने, ओगराळे, सोऱ्या, विळी, बंब, घंगाळ, तांब्या-भांडे, समई. हा सारा सरंजाम पितळेत, लाकडात, दगडात नाहीतर मातीत लहान होऊन मुलींच्या हाती येई. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाकडी खेळण्यांना रंग दिला, गोकाकची खेळणी नावाजली गेली, आणि आम्हां बडोदेकरांच्या शेजारी संखेड्याचे खरादी आजही लाखेचे रंगीत लाकूडकाम करतात.

या भातुकलीचे पुढे काय होते, हे आम्ही आमच्या शहरात पाहत आलो आहोत. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुनी मराठी घरे एकेक करून उतरविली जातात. भाऊ-बहिणी चार गावांत पांगलेल्या असतात. सामानाची वाटणी दोन दिवसांत उरकायची असते. दागिन्यांचा हिशेब होतो, कपाटे-पलंगांना गिऱ्हाईक मिळते. पितळेची भांडी मात्र मोडीत जातात, तीही वजनावर. आणि तराजूत परातीखाली भातुकलीची डबी कधी गेली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळी भातुकली मिळून किलोभर भरत असेल. तेवढ्या पितळेचे मोल ते किती! परंतु त्या किलोभरात पणजीचे अख्खे स्वयंपाकघर गेलेले असते.

स्वयंपाकघराबरोबर शब्दही जातात. आपली नातवंडे शाळेत गुजराथीत, हिंदीत, कानडीत, तेलुगूत किंवा इंग्रजीत शिकतात. त्यात वावगे काही नाही. घरात मराठी टिकून आहे ती जेवणाखाण्यापुरती आणि सणावारापुरती. अशा मुलाला ‘वैल’ म्हणजे काय हे कोशातून कसे उमजावे? वैल म्हणजे चुलीशेजारचे ते भोक, जेथे चुलीच्याच आचेवर दुसरे भांडे मंद शिजत राहते, हे तळहाताएवढी चूल हाती दिली की एका क्षणात कळते. वस्तू हातात असली की शब्द आपोआप तोंडात येतो. महाराष्ट्रात हे शब्द विसरले गेले तरी आसपास कोणीतरी सांगणारे भेटेल. आपल्याकडे आजी गेली की सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंना आमची दोन कामांची विनंती आहे. माळ्यावर भातुकलीचा डबा असेल तर तो खाली काढावा. चिंच-मिठाने चकचकीत करण्याचा मोह आवरावा. दर घासणीला थोडे पितळ झिजते, कोरीव नक्षी पुसट होते आणि आतली कल्हई जाते. मऊ फडक्याने पुसावे, एकेका वस्तूचे नाव, ती कोणाची, कोठून आली, हे वहीत लिहावे आणि वहीची एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे ठेवावी. ड्यूकच्या घराची गोष्ट आपण पाहिलीच. खेळू द्यावे की कपाटात ठेवावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. धातूची आणि दगडाची भातुकली मुलांना आपल्या देखरेखीखाली खेळायला द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे; तिचा जन्मच त्यासाठी आहे. जुनी रंगीत लाकडी आणि मातीची खेळणी मात्र चैत्रगौरीच्या आराशीत मांडावीत आणि पुन्हा जपून ठेवावीत.

दुसरे काम थोडे मोठे, पण सुट्टीच्या महिन्याभरात होण्यासारखे आहे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिचे माहेरचे किंवा लहानपणीचे घर विचारावे. ओटी किती लांब, माजघराला खिडकी होती का, देवघर कोणत्या अंगाला, झोपाळा कोठे टांगलेला, परसात तुळशीवृंदावन आणि न्हाणीघर यांत अंतर किती. फुटाचा इंच धरून तेच घर जाड पुठ्ठ्याचे किंवा सुताराकडच्या सागवानी तुकड्यांचे करावे. दहा फुटांची खोली दहा इंचांची. तीन खोल्यांचे घर पुस्तकांच्या मांडणीच्या एका खणात सहज बसते. सामान एकदम विकत आणून भरू नये. जी वस्तू आजीला आठवेल तीच करावी, आणि जिथे काय होते ते आठवत नाही तो कोपरा मोकळा ठेवावा. ‘अगं, तिथे ताकाची रवी बांधलेली असे,’ असे तिला चार दिवसांनी आठवेल, आणि तो कोपरा भरेल.

हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये, एवढेच आग्रहाने सांगावेसे वाटते. पुठ्ठा, सरस, पितळ या गोष्टी केव्हाही मिळतात. माजघराला खिडकी होती की नव्हती, हे सांगणारे माणूस मात्र आज आपल्यापाशी बसले आहे.