टॉर्च पत्र्याला टेकताना घाई नको

फॅब्रिकेशनच्या धंद्यातील आमचे कित्येक बांधव आता स्वतःच सीएनसी प्लाझ्मा टेबल जोडून घेतात. चौकट घरच्या वेल्डिंगची, मोटारी व कंट्रोलर बाजारातले. ही मेहनत कौतुकास्पद आहे. परंतु टेबल चालू होताच जो तो वेग वाढवू लागतो आणि नेमकी तेथेच कमाई जळते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टेबल सुरू केल्यावर प्रत्येक अक्ष आपल्या स्विचपर्यंत जाऊन शून्याची जागा शोधतो, हे होमिंग. प्रत्येक कापापूर्वी टॉर्च खाली येऊन पत्र्याला टेकते व स्विच दबून पत्र्याची उंची कळते, हा टच-ऑफ. होमिंग दिवसातून एकदोनदाच होते, तेथे घाई करून काहीच वाचत नाही. जलद जाऊन स्विच गाठावा, थोडे मागे यावे आणि पुन्हा सावकाश टेकावे. जीआरबीएलमध्ये मुळात जलद फेरीला मिनिटाला 500 मिमी आणि सावकाश फेरीला 25 मिमी वेग ठेवलेला असतो. दोहोंतील हे अंतर विनाकारण नाही.

खरा मोह टच-ऑफला होतो. थोडा हिशेब पाहू. मिनिटाला 2,400 मिमी म्हणजे सेकंदाला 40 मिमी. वेग कमी होण्याचा दर सेकंदाला 400 मिमी प्रतिसेकंद धरला, तर स्विच दबल्यावरही टॉर्च 2 मिमी खाली जाते. 600 मिमी वेगाला हेच अंतर 0.125 मिमी. वेग चौपट, तर अंतर सोळापट! फ्लोटिंग हेडला तेवढी चाल नसेल तर पातळ पत्रा वाकतो किंवा स्टेपर मोटार स्टेप चुकते. मग उंचीचा भरवसा उरत नाही. लहान मशिनांच्या तक्त्यात कापण्याची उंची बहुधा 1.5 मिमीच्या आसपास असते. तेथे अर्ध्या मिमीची चूक म्हणजे एक तृतीयांश चूक. धार तिरपी येते, मळी चिकटते, नोझल अकाली जाते.

वेळ वाचवायची तर चाल कमी करा. टॉर्च दर वेळी 50 मिमी उचलली, तर 600 मिमी वेगाने उतरायला 5 सेकंद लागतात. 15 मिमीच उचलली तर दीड सेकंद. 200 छिद्रांच्या कामात जवळजवळ 12 मिनिटे वाचली. मात्र कापलेला तुकडा उभा राहण्याचा संभव असेल तेथे टॉर्च उंचच न्यावी.

वेग कोणाचा पाहून घालू नका. एकाच जागी दहा वेळा टच-ऑफ करून आकडे वहीत लिहा. त्यांत 0.1 मिमीहून अधिक फरक दिसला तर वेग उतरवा. वेग बदलला की स्विच दबेपर्यंतची तूट, म्हणजे ऑफसेट, पुन्हा मोजून भरावी. हे बहुतेक जण विसरतात आणि दोष मशिनला देतात.

माप पुरे द्यावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती तराजूपुरती नाही. गिऱ्हाईक पुरा दाम मोजतो तेव्हा त्याला सरळ धारेचा तुकडा मिळाला पाहिजे. उस्तादांनी शागीर्दाला वेग वाढविण्यापूर्वी वहीत आकडे लिहिण्याची सवय लावावी, ही आमची कळकळीची विनंती.