धबधबा बघा, पण सातबारा आधी

पावसाळा लागला की जव्हारला दोन प्रकारचे लोक येतात. एक धबधबे बघायला आणि दुसरे जागा बघायला. पहिल्यांतले बरेचसे संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांत जमा झालेले असतात. दाभोशाचं पाणी बघितलं, हनुमान पॉइंटवर धुक्यात उभं राहून फोटो काढले, टपरीवर चहा घेतला, की कोणीतरी हळूच विचारतं, "साहेब, इकडं जागा बघायची का? अगदी स्वस्तात आहे."

मी दस्तलेखक आहे. खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं, वारसनोंदीचे अर्ज लिहिणं हा माझा पोटाचा धंदा. त्यामुळे आज जे लिहितो आहे ते धंद्याच्या विरोधात जाणारं आहे, असं शेजारच्या टेबलवाल्याचं मत पडलं. पडू दे. जव्हार-मोखाड्यात घर किंवा घरासाठी जागा घ्यायची असेल तर सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा असतो: जमीनमालक आदिवासी आहे का? भाव, रस्ता, वीज, समोरचा डोंगर, सगळं त्याच्यानंतर. आणि भाव ऐकून तुमचे डोळे चमकले असतील, तर या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'हो' असंच असतं. स्वस्ताईचं कारणच ते आहे.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी ही इथली माणसं आणि बहुतेक जमीन त्यांच्या नावावर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६अ सांगतं की ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कुठल्याही मार्गाने देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीला त्यावर राज्य शासनाची मान्यताही लागते आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमती वेगळी. शिवाय गावात किंवा गावापासून पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला कोणी आदिवासी तयार नाही, याची जिल्हाधिकाऱ्यांना खात्री पटावी लागते. शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी ही सगळी परवानगी मिळवून माझ्याकडे दस्त करायला आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात कल्याणकडचं एक जोडपं एजंटाबरोबर आलं होतं. दोघं नोकरदार, सज्जन, निवृत्तीनंतर शांत जागी राहावं एवढीच इच्छा. एजंटाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला. मी बोट थेट 'इतर अधिकार' या रकान्यावर ठेवलं. तिथे ३६अ चा शेरा होता. एजंट म्हणाला, "काका, तो शेरा इथल्या सगळ्याच सातबारांवर असतो." त्याचं बरोबर होतं. बहुतेक सातबारांवर असतो, म्हणून तर इथे बाहेरच्याने विकत घेण्यासारखी जमीन फार थोडी आहे!

जमिनीचा मालक बाहेर पायरीवर उकिडवा बसला होता. त्याला आत बोलावलं. "बाबा, किती जमीन देताय?" तर म्हणाला, "त्यालाच विचारा, मला काय ठावं." मुलाचा अपघात झालेला, नाशिकला दवाखान्यात पैसे लागलेले, ते याच एजंटाने उसने दिलेले. आता त्याची फेड म्हणून जमीन. करार पाचशेच्या स्टँपपेपरवर आधीच छापून आणला होता. क्षेत्राची जागा कोरी, आणि शेवटी अंगठ्यासाठी आखलेला चौकोन. बाईंनी तो कागद वाचला आणि नवऱ्याकडे बघितलं. टोकन दिलेलं नव्हतं, म्हणून सुटले. एजंटाने कागद घडी करून पिशवीत घातला आणि दुसरीकडे गेला. तो दुसरीकडे जातोच, म्हणून हे सगळं छापून यायला हवं.

कायद्याला वळसा घालायच्या ज्या वाटा सांगितल्या जातात त्यांतली एकही वाट तुम्हाला घरापर्यंत नेत नाही. पहिली वाट नोटरीची. नोटरीपुढे सही झाली याचा अर्थ सही करणारा माणूस तोच होता, एवढाच. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. दुसरी वाट कुलमुखत्यारपत्राची. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा तिहेरी संच करून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ सालीच स्पष्ट केलं आहे. तिसरी वाट नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची. पाच वर्षांच्या पुढच्या भाडेपट्ट्याला विक्रीसारखीच जिल्हाधिकाऱ्यांबरोबर राज्य शासनाचीही मान्यता लागते.

चौथी वाट सगळ्यात लाडकी. आपल्या ड्रायव्हरच्या किंवा वॉचमनच्या नावावर घ्यायची, कारण तो आदिवासी आहे. पैसे तुमचे, नाव त्याचं. हा बेनामी व्यवहार झाला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे, मालमत्ता जप्त होते ती वेगळीच. आणि तोपर्यंत ड्रायव्हरने 'जमीन माझी' म्हटलं तर तुम्ही तक्रार कुठे करणार?

नियम मोडून झालेला व्यवहार उघडकीला आला तर जिल्हाधिकारी तो अवैध ठरवतात आणि जमीन उभ्या पिकासकट सरकारजमा होते. मग मूळ आदिवासी मालकाला, परत घेणार का, म्हणून विचारलं जातं. त्याला अर्ज करायला ६ जुलै २००४ पासून तीस वर्षांची मुदत आहे, म्हणजे २०३४ पर्यंत. जिल्हाधिकारी तर स्वतःहून केव्हाही चौकशी लावू शकतात. 'इतकी वर्षं कोणी विचारलं नाही' या दिलाशाला काही अर्थ नाही.

शहरातले वकील तीस वर्षांचा सर्च घेतात आणि टायटल क्लिअर म्हणून मोकळे होतात. इथे तेवढ्यावर भागत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेल्या जमिनींसाठी परत करण्याचा वेगळा कायदा आहे, १९७४ चा. म्हणून विकणारा बिगरआदिवासी असला तरी त्याच्या आजोबांकडे जमीन कोणाकडून आली, ते फेरफार मागे १९५७ पर्यंत नेऊन बघा. जुने फेरफार मोडीमिश्रित, फाटके, कधी वाचताही न येणारे असतात. वाचणारा माणूस शोधा. आणि सातबारावर ३६अ चा शेरा नाही म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. बंदी शेऱ्यामुळे येत नाही, मालक आदिवासी असल्यामुळे येते. शेरा लिहायचा राहून जातो. जमीन बिगरशेती करून देतो म्हटलं म्हणून मालकाची जमात बदलत नाही.

वनहक्काच्या जमिनीबद्दल थोडक्यात: २००६ च्या कायद्याने मिळालेला वनपट्टा वारसाने जातो, विकता येत नाही. तसंच सातबारावर 'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' दिसलं तर गाडी वळवा. आणि शेतजमीन घ्यायची तर तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा हवा, कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे. हे महाराष्ट्रभर आहे, तरी दर वर्षी लोकांना नव्याने कळतं.

मग इथे घर घ्यायचंच नाही का? घ्या की. जव्हारची नगरपरिषद १९१८ सालची, संस्थानी काळातली. शहरात व्यापाऱ्यांची आणि संस्थानच्या नोकरीत असलेल्या घराण्यांची जुनी घरं आहेत, मिळकत पत्रिका असलेली. त्यांतली काही विकायला निघतात. मालकाची जमात, मिळकत पत्रिका आणि त्यामागचे फेरफार बघून ती घेता येतात. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. पावती माझ्याही नावाची निघू शकते, पैसे भरले तर.

या घरांचा खरा घोळ वारसांचा असतो. एक भाऊ जव्हारला, दोघं नाशिकला, एक सुरतेला, आणि बहिणी लग्न होऊन कुठे कुठे. इथला भाऊ म्हणतो, 'बाकीच्यांचं काही नाही, ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत.' शब्दाबाहेर नाहीत तर सहीला येऊ द्या. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असल्याशिवाय इसार देऊ नका. विकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: आधी वारसनोंद, मग मोजणी, मग गिऱ्हाईक. उलट्या क्रमाने गेलात तर गिऱ्हाईक तुमच्या अडचणीचा भाव लावतं.

घर एकदा जुलैत बघा आणि एकदा मेमध्ये. जुलैत छप्पर कळतं, मेमध्ये विहीर. इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि सगळा उतारावरून वाहून जातो. जव्हार शहराला जयसागर धरणाचा आधार आहे, पण शहराबाहेर पडलात, मोखाडा-खोडाळ्याकडे गेलात, की उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं लागतात. पावसाळ्यात फेसाळता ओढा दाखवून 'बारमाही पाणी' म्हणणाऱ्याला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यायचं सांगा. जुन्या घरातल्या सागाच्या तुळया अजून पंचवीस वर्षं काढतील. चौकटींचा खालचा वीतभर भाग मात्र चाकूने टोचून बघा, वाळवी तिथून सुरू होते.

आता ज्यांना हा लेख वाचून दाखवावा लागेल त्यांच्याबद्दल. दवाखाना, लग्न, वीटभट्टीवाल्याची उचल, या कारणांनी जमीन निघते. माझ्यासमोर आलेला एकही आदिवासी शेतकरी हौसेने जमीन विकायला आलेला नव्हता. त्यांना मी सांगतो, कोऱ्या कागदावर अंगठा नाही, आधार कार्डाची प्रत एजंटाला नाही, आणि कागद घरातल्या शिकलेल्या मुलीकडून आधी वाचून घ्यायचा. विकायचीच वेळ आली तर गावातला किंवा शेजारच्या गावातला आदिवासी खरेदीदार बघा. त्याआधी बँकेकडे जा. सरकारी किंवा सहकारी बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढायला कायद्याने वाट ठेवली आहे.

'या कायद्यामुळे बिचाऱ्या आदिवासीला भाव मिळत नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकतो, आणि दर वेळी घेणाऱ्याच्या तोंडून. भाव कमी मिळतो हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बंधन नव्हतं तेव्हा काय भाव मिळत होता? मोखाडा इंग्रजी अमलात होता आणि जव्हार संस्थानात. मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागात धान्याच्या कर्जापायी जमिनी सावकारांकडे कशा गेल्या, ते सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारलाच लिहून दिलं होतं. १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारली परिषदेला जमले ते कशासाठी, हे या जिल्ह्यात सांगायला नको. तेव्हाच्या मुक्त बाजारात जमिनीची किंमत चार पायली नागली होती. आज पाचशेच्या स्टँपपेपरवर तेच करायचा प्रयत्न चालू आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपली जमीन थेट खासगी व्यक्तींना भाड्याने देता यावी असं धोरण आणण्याचं जाहीर केलं, तेव्हा आदिवासी संघटनांनी विरोध केला. भाडेपट्ट्याला माझा सरसकट विरोध नाही. मुदत पाच वर्षांची असावी, भाडं मालकाच्या खात्यात जावं, करार ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा आणि मुदत संपली की जमीन परत यावी. पण यातलं शेवटचं कसं होणार हे कोणी सांगत नाही, आणि मी जेवढे भाडेकरार पाहिले त्यांत भांडण नेमकं तिथेच लागलं. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून टाकू नये, उलट ती वेळेत मिळेल अशी व्यवस्था करावी.

तुम्हाला इथली हवा आवडली असेल तर घर भाड्याने घ्या, गावातल्या माणसाच्या घरी पैसे देऊन राहा, त्याच्या हातची नागलीची भाकरी खा. विकतच घ्यायचं असेल तर कोणाच्याही हातावर टोकन ठेवण्याआधी महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. वाचता आला नाही तर घेऊन या. रकाना वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही.